क्लस्टरमुळे लहान कारखान्याला निर्यात खरंच जमते का?

वाळूजचा गाळा
गेल्या आठवड्यात उद्योजकांच्या एका बैठकीत क्लस्टरचा विषय निघाला, म्हणजे एका भागातल्या एकाच धंद्यातल्या लहान कारखान्यांनी एकत्र येऊन यंत्रं, प्रयोगशाळा अशा सोयी सामाईक वापरायचा. एक जुनेजाणते गृहस्थ म्हणाले, "क्लस्टर म्हणजे अनुदानाची इमारत. निर्यात ज्याची त्यालाच करावी लागते." मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा.

माझं 11 माणसांचं सीएनसी शॉप आहे, संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर धातूचे पार्ट बनवतो. जर्मनीच्या गिऱ्हाइकाने नमुन्यांसोबत सीएमएमवरच्या, म्हणजे पार्टची मापं अचूक तपासणाऱ्या मशीनवरच्या, मोजमापांचा अहवाल मागितला. ते मशीन घ्यायची माझी ऐपत नव्हती. सामाईक प्रयोगशाळेत तासाच्या भाड्याने काम भागलं. पण खरा धडा पुढे मिळाला. पहिला लॉट भर पावसाळ्यात न्हावा-शेवा बंदरातून गेला. साधं तेल लावून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेल्या बुशांवर तिकडे पोचेपर्यंत तांबूस ठिपके! अख्खा लॉट परत. शेजारच्या गाळ्यातले भाऊ चहाला आले होते. ते उठले आणि स्वतःकडची व्हीसीआय पिशवी घेऊन आले, गंज रोखणारी. वर म्हणाले, "पोरांना उघड्या हातांनी पार्ट उचलू देऊ नका, घामाचे ठसेच आधी गंजतात." तेव्हापासून एकही लॉट गंजला नाही.

चिकलठाणा लेथ
शेजारी शिकवतो तसा गिऱ्हाईकही नेतो, दादा. माझ्याच ड्रॉइंगवर नगामागे 4 रुपये कमी करून आमच्याच गल्लीतून कोटेशन गेलं.

दुसरं असं की 1985 ला बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि आपल्यातले कितीतरी जण त्याच्या आसपास जॉबवर्कवर मोठे झाले. ड्रॉइंग यायचं, माल जायचा. गिऱ्हाईक शोधायची, डॉलरमध्ये भाव द्यायची, पैसे अडकले तर मागे लागायची वेळच आली नाही. शेजारी-शेजारी राहून आपण माल बनवायला शिकलो, विकायला नाही.

वसमतकर
तुम्ही सगळे लोखंडाचं बोलायलेत, जरा हळदीचं ऐका. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आमचा कितीतरी माल अजून पोत्यांत भरून सांगलीच्या बाजारालाच जातो.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला कंटेनरभर, म्हणजे पंधरा-वीस टन, एकसारखी हळद लागते. माझ्याकडं पिकते 40 क्विंटल. मी दोन तास शिजवतो, शेजारी तीन तास. कुणी ताडपत्रीवर वाळवतो, कुणी मातीत. रंग वेगळा, कुरक्युमिन (हळदीला पिवळेपणा देणारा घटक) वेगळं. त्यात कुणी पॉलिशच्या वेळी पिवळा रंग मारला आणि तपासणीत शिसं सापडलं, की सगळ्यांचाच कंटेनर अडकला. शिजवणं, वाळवणं आणि तपासणी एका जागी झाल्याशिवाय आम्हाला ही वाटच नाही. एकट्यानं करा म्हणणाऱ्यांनी 40 क्विंटलवाल्याचा विचार करावा.

हिशेबनीस
मी क्लस्टरच्या एका संस्थेचे हिशेब पाहिलेत, म्हणून बोलतो. कागदावर वीसेक सभासद, जागा अध्यक्षांच्या भावाची. केंद्राच्या लघुउद्योग क्लस्टर योजनेत 10 कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला 70 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे यंत्र येतं. पण ऑपरेटरचा पगार आणि वीजबिल कुणी भरायचं? वर्षभरात ते यंत्र एकाच कारखान्याचं काम करू लागलं. बाकीच्यांना "तारीख नाही" हेच उत्तर.

आणि सगळे एका जागी असले तर फटकाही सगळ्यांनाच बसतो. तमिळनाडूतल्या तिरुपूर या कपड्यांच्या शहरात नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून 2011 मध्ये न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करायला लावले, तेव्हा निर्यात करणारं अख्खं शहर हादरलं होतं.

वाळूजचा गाळा
तिरुपूर मान्य. पण पाकिस्तानातलं सियालकोटही बघा. तिथे लहान लहान कारखाने शस्त्रक्रियेची हत्यारं बनवतात. 1994 मध्ये अमेरिकेने दर्जावरून त्यांचा माल अडवला. एकट्यादुकट्याला ते झेपलं नसतं. त्यांच्या संघटनेने तज्ज्ञ आणले, कारखान्या-कारखान्यात प्रशिक्षण दिलं आणि माल पुन्हा सुरू झाला. अडचण सामाईक होती, म्हणून इलाजही सामाईक झाला.

हिशेबनीस, तुम्ही सांगता तो गैरव्यवहार मीही पाहिलाय. म्हणूनच मशीनची तारीखवही सगळ्यांना बघता आली पाहिजे आणि अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

चिकलठाणा लेथ
तारीखवही उघडी ठेवा, मी सभासद होतो. पाच जणांत मिळून निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारा एक पगारी माणूस ठेवू, माझा वाटा महिन्याच्या महिन्याला देईन. गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग मात्र माझ्याच कपाटात राहील. या अटीवर कोण कोण तयार आहे?

वसमतकर
आमच्या गटात पेरणीआधी बैठक आहे. तुमची ती तारीखवहीची पद्धत लिहून पाठवा, आमच्या हळद शिजवायच्या बॉयलरला लावून बघतो.