कर वाढवायच्या आधी सरकारने स्वतःचा खर्च का कापू नये? पत्राचा मसुदा टाकतोय, मतं द्या

सातबारा_नसलेला (३ ऑगस्ट २०२५)

मंडळी, आमच्या सोसायटीतले आणि ऑफिसातले मिळून तीसेक जण अर्थमंत्र्यांना एक पत्र पाठवणार आहोत. पक्षबिक्ष काही नाही यात, उगाच तिकडे नेऊ नका. निमित्त म्हणाल तर माझीच गाडी. जुलै महिन्यात सीएनजीची गाडी बुक केली तर कोटेशनमधला रोड टॅक्स आधीपेक्षा एक टक्का जास्त, विचारलं तर म्हणे मार्चच्या बजेटमध्ये वाढला साहेब. त्याआधी ऑक्टोबरपासून शंभरच्या स्टॅम्पचा पाचशे झालेलाच होता, जानेवारीत एसटी १४.९५ टक्क्यांनी महागली, एप्रिलला रेडी रेकनर (घर-जमिनीचा सरकारी दर) वर गेला, जूनमध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढलं (मी घेत नाही, पण मुद्दा तो नाही). सुटं सुटं बघितलं की किरकोळ वाटतं आणि वर्षाचा हिशोब मांडला की घाम फुटतो.

आता सरकारचा हिशोब बघा. ७ लाख कोटींचं बजेट, त्यात महसुली तूट (रोजच्या खर्चाला उत्पन्न कमी पडतं ती) ४५ हजार ८९१ कोटी, पुढच्या मार्चला कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार, आणि एवढं असून बजेटला चार महिने व्हायच्या आत आणखी ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या. घरात कोणी असं वागलं तर आपण त्याला ऋण काढून सण करतो म्हणतो, इथे मात्र विकास म्हणायचं.

पत्रातल्या मागण्या थोडक्यात अशा, की नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग थांबवा, नागपूरचं हिवाळी अधिवेशन बंद करून मुंबईतच उरका, माजी आमदारांची पेन्शन निम्मी करा, आणि लाडकी बहीण योजना तूट भरून निघेपर्यंत स्थगित ठेवा. हे सगळं झाल्यावर मग आमच्याकडे हात पसरा, आम्ही नाही म्हणणार नाही. सही करायची असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कट्ट्यावरचा

+१. कुठे सही करू सांगा.

आकडेमोड

मी सही करणार नाही, कारणं सांगतो. ९ लाख ३२ हजार कोटी ऐकायला भयानक वाटतं पण राज्याचं उत्पन्न ४९ लाख कोटींच्या वर आहे, म्हणजे कर्ज १९ टक्क्यांच्या आसपास. पंजाब ४० च्या वर आहे. आणि खर्च कापा खर्च कापा म्हणणं सोपं आहे हो, पगार, पेन्शन आणि व्याज यातच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो, त्याला हात लावता येत नाही. माजी आमदारांची पेन्शन म्हणाल तर महिन्याला ५० हजारांपासून सुरू होते, चीड येते हे मान्य, पण ७ लाख कोटींच्या पातेल्यात ते चिमूटभर मीठ आहे. त्याने तूट भरत नाही, फक्त टाळ्या मिळतात.

दुसरं म्हणजे २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात स्वतःचे कर उरलेत किती? दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक, गाड्या, वीज. जीएसटीची नुकसानभरपाई होती ती जून २०२२ ला संपली. मग वाढवणार ते यातच वाढवणार ना, दुसरं काय वाढवतील.

सातबारा_नसलेला

सर, पातेलं मोठं आहे म्हणून मीठ कितीही टाकायचं का? आणि १९ टक्के म्हणजे बरं, हे तुम्ही ज्या हिशोबाने सांगता त्यात व्याज कुठे दिसतं? यंदा व्याजाचे ६४ हजार कोटींच्या घरात जातायत, महसुली तुटीपेक्षा जास्त. म्हणजे जुन्या कर्जाचं व्याज नसतं तर आज तूट नसती. त्यात अजून नवं कर्ज.

तर्रीपोहा

भाऊ, बाकी पत्र ठीक हाय पण ते नागपूर अधिवेशनाचं वाक्य कायले घातलं? तुमी पुण्यात बसून बोलून राह्यले. १९५३ चा नागपूर करार वाचा एकदा, विदर्भ महाराष्ट्रात आला तो काय फुकट नाही आला, वर्षातून एक अधिवेशन इथं होईन असं ठरलं होतं. मागच्या डिसेंबरात ते किती दिवस चाललं मालूम हाय का, १६ ते २१, सहा दिवस. तेही आता तुमाले जड झाले? कापायचंच असन तर मुंबईतलं कापा की.

आन दुसरी गोष्ट. सरकार खर्च कापत नाही असं कोण म्हणते? कापते ना, पण कुठून कापते ते पाहा. एक रुपयात पीक विमा होता, बोगस अर्ज सापडले म्हणून योजनाच बंद करून टाकली. बोगसवाले पकडायचे सोडून आमालेच दंड. आता खरिपाले दोन टक्के हप्ता भरा. तुमच्या पत्रानं काय होईन सांगू का, मंत्री म्हणन बघा लोकच म्हणून राह्यले खर्च कापा, आन कात्री पुन्हा आमच्याच वावरात येईन.

उंबरठा

तर्रीपोहा दादांना पूर्ण अनुमोदन. गौरी-गणपतीला आनंदाचा शिधा मिळायचा शंभर रुपयात, यंदा त्याचाही पत्ता नाही म्हणतात. कात्री खालूनच लागते.

लाडकी बहीण स्थगित करा असं लिहिणाऱ्या धागाकर्त्यांनी कधी त्या बाईशी बोलून बघितलंय का? माझ्याकडे ठाण्यात कामाला येणाऱ्या मावशी आहेत, त्यांच्या मुलीला सासरी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं खातं उघडून मिळालं ते या योजनेमुळे. नवरा ते पैसे मागतो आणि ती देत नाही, एवढी एक गोष्ट त्या घरात बदलली. दीड हजारात काय होतं असं विचारणारे लोक दीड हजाराचं पिझ्झा बिल भरून येतात. समृद्धी महामार्गाला ५५ हजार कोटींच्या वर गेले तेव्हा कोणी रेवडी म्हणालं नाही, बाईच्या खात्यात पैसे गेले की लगेच रेवडी.

सातबारा_नसलेला

ताई, रेवडी मी म्हणालेलो नाही, पुन्हा वाचा. आणि मावशींच्या मुलीला मिळू नये असंही नाही. पण योजना निवडणुकीच्या चार महिने आधी आली, अर्ज धडाधड मंजूर केले, आणि आता मंत्रीच सांगतात २६ लाख खाती अपात्र वाटतायत, त्यात १४ हजारांवर तर पुरुष! लाडके भाऊ! दोन हजारांपेक्षा जास्त सरकारी नोकरदार बायकासुद्धा. त्या वेळी तपासणी का नाही केली? तेव्हा मतं हवी होती म्हणून. त्या चुकीचे पैसे माझ्या रोड टॅक्समधून का?

आकडेमोड

एक गंमत सांगतो. बजेटमध्ये यंदा या योजनेला ३६ हजार कोटी ठेवलेत. एका बाईला वर्षाला १८ हजार. भागाकार करा, बरोबर दोन कोटी बायका येतात. आणि सुरुवातीला लाभार्थी होत्या अडीच कोटींच्या आसपास. म्हणजे पन्नास लाख नावं कमी होणार हे मार्चमध्येच कागदावर गृहीत धरलेलं दिसतं, सांगितलं कोणी नाही. तुम्ही मागताय ती कात्री आधीच लागलीय, फक्त गाजावाजा न करता.

उंबरठा

हे माहीत नव्हतं. आणि राग आला वाचून. निवडणुकीत दीड हजाराचे २१०० देतो म्हणाले होते ते राहू द्या.

परमिटरूम_कोल्हापूर

दारूवाला बोलतोय, आधीच सांगतो म्हणजे शिव्या घालायला सोपं. १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले आम्ही, कुणी विचारलं नाही. व्हॅट डबल, लायसन फी १५ टक्के वर, आणि वर उत्पादन शुल्क. साधी इंग्लिश क्वार्टर १२०-१३० ला मिळायची ती आता २०५ च्या खाली विकायचीच नाही. सरकारला यातनं वर्षाला १४ हजार कोटी जादा पायजेत. व्हय, मिळतील की कागदावर. इकडं काय होतंय बघा, गिऱ्हाईक कमी पितंय असं नाही भावा, गिऱ्हाईक आंबोलीतनं खाली उतरून गोव्याला जातंय, येताना डिकी भरून आणतंय. बांद्याच्या चेकपोस्टवर किती गाड्या तपासणार? म्हणजे कर बी बुडाला, धंदा बी बुडाला. माझ्याकडं अकरा पोरं कामाला होती, आता आठ हायत. कर वाढवला की पैसा वाढतोच असं ज्यांना वाटतंय त्यांनी एक महिना माझ्या गल्ल्यावर बसावं.

कट्ट्यावरचा

दादा पत्ता द्या, बसतो गल्ल्यावर 😄

आकडेमोड

परमिटरूम, तुमचा मुद्दा बरोबर आहे, दर फार वाढवले की गळती वाढते. मी कर कसाही लावा म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की 'कर नको, खर्च कापा' हे एका दमात म्हणून टाकलं की सगळ्यात आधी जातो तो गरिबाचा खर्च, कारण त्याच्या मागे वकील नसतो. मे महिन्यात बघितलंत ना, लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचे मिळून सातशे कोटींच्या वर वळवले, मंत्री शिरसाटांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात.

बिल_पेंडिंग

मी छोटा ठेकेदार आहे, गावातले रस्ते, मोऱ्या, शाळेच्या भिंती असली कामं. एका खात्याकडे माझं बिल १४ महिने अडकलंय. कुठलं खातं ते लिहीत नाही, पुढचं काम हवंय मला. खर्च कापायची सरकारची खरी पद्धत ही आहे बघा, काम करून घ्यायचं, उद्घाटन करायचं, फोटो काढायचा आणि पैसे द्यायचे नाहीत. आमच्या संघटना म्हणतात राज्यभरात ८९ हजार कोटी थकलेत. हे कर्जात धरलंय का? आकडेमोड सर तुमच्या १९ टक्क्यात हे आहे का? माझ्या सिमेंटवाल्याला मी व्याज देतोय, बायकोचे दागिने बँकेत आहेत. पत्रात हे घाला, मी पहिली सही करतो.

आकडेमोड

नाही, त्यात हे धरलेलं नसतं. इथे मी गप्प.

निवृत्त_गुरुजी

बाळांनो, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, पेन्शनवर जगतो, म्हणजे ज्या पगार-पेन्शनला हात लावता येत नाही म्हणता तो मीच. दुष्काळ पडला बहात्तरला तेव्हा मी नववीत होतो. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा सरकारकडे काय पैसा होता? तरी वि. स. पाग्यांच्या डोक्यातून रोजगार हमी आली, आधी त्यांच्या तासगाव तालुक्यात करून बघितली, आणि तिला पैसा कमी पडू नये म्हणून १९७५ ला व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचे आणि खेड्यातल्या माणसाला काम द्यायचे. तुमच्या पगारपत्रकावर आजही वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर दिसतो, तो मुळात यासाठी सुरू झाला होता. मला नोकरी लागल्यावर माझाही कापला गेला, पण कधी वाईट वाटलं नाही, कारण तो कुठे जातो ते मला माहीत होतं, मी तिथूनच आलो होतो.

म्हणून सातबारा, तुझ्या पत्रात मला खटकतं ते हे की तू कर म्हणजे चोरीच धरून चाललायस. मला विचारशील तर तू 'वाढवू नका' असं लिहू नकोस, 'कशासाठी घेताय ते पावतीवर लिहा' असं लिही.

सातबारा_नसलेला

गुरुजी, हे बहात्तरचं मला खरंच माहीत नव्हतं, पगारातून दोनशे कापतात एवढंच माहीत. पण तेव्हा कर लावून काम दिलं आणि आता कर लावून काय देतायत? शक्तिपीठाला मागणी कोणाची आहे? ८०२ किलोमीटर, नुसत्या जमिनीसाठी आणि आखणीसाठी जूनमध्ये २० हजार ७८७ कोटी मंजूर, कोल्हापूरकडचे शेतकरी नको नको म्हणून रस्त्यावर, आणि अर्थखात्यानेच कर्जाच्या बोज्याबद्दल सावध केल्याच्या बातम्या आल्या. यावर एकानेही अजून माझ्या विरोधात लिहिलेलं नाही हे नोंदवून ठेवतो.

तर्रीपोहा

त्यावर कोण लिहीन, ते बरोबरच हाय. नागपूर-रत्नागिरी रस्ता हाय ना आधीच. नागपूरचं वाक्य काढलं का?

पाचशेचा_स्टॅम्प

मध्येच घुसतो. पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. मार्चमध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलंय की असल्या दाखल्यांना पाचशेचा स्टॅम्प लागणार नाही. बाहेरचा टंकलेखनवाला म्हणतो जाहीर केलं असेल, आतले साहेब घेत नाहीत बिनस्टॅम्पचं. रांग मोठी, शेवटची तारीख, दिले पाचशे. खर्च कापा, कर वाढवा काय करायचं ते करा, पण माफ केलेला तरी घेऊ नका एवढं लिहा कोणीतरी.

सातबारा_नसलेला (५ ऑगस्ट)

मसुदा बदललाय. नागपूर अधिवेशन काढलं (तर्रीपोहा, समाधान झालं का). माजी आमदारांची पेन्शन ठेवली, चिमूटभर मीठ असलं तरी ठेवली, सुरुवात स्वतःपासून करायची असते. शक्तिपीठ आहे तसंच. ठेकेदारांची थकलेली बिलं किती ते खातेवार जाहीर करा आणि ती देईपर्यंत नवीन कामाचा नारळ फोडू नका, हे घातलं. गुरुजींचं ऐकून असं लिहिलं की कुठलाही कर किंवा शुल्क वाढवताना तो पैसा नेमका कुठे जाणार ते त्याच अधिसूचनेत सांगा. लाडकी बहीणबद्दल आता असं वाक्य आहे: 'अपात्र नावे वगळावीत, पात्र महिलांचे पैसे वेळेवर द्यावेत, मात्र राज्याची राजकोषीय तूट ४५ हजार ८९१ कोटी असताना २१०० रुपयांपर्यंतची वाढ तूर्त करू नये.'

बिल_पेंडिंग

सही.

तर्रीपोहा

आता घ्या माझी बी.

उंबरठा

मी नाही करणार. २१०० कोणी मागायला गेलं नव्हतं, त्यांनी स्टेजवरून दिलं होतं. दिलेला शब्द मागे घ्या असं मी माझ्या सहीने का सांगू? ते वाक्य काढा, मी आणि आमच्या बिल्डिंगमधल्या सात जणी करतो.

सातबारा_नसलेला

ताई, ते काढलं तर आमच्या सोसायटीतले निम्मे जातील.

उंबरठा

मग जाऊ देत.

आकडेमोड

सही माझीही नाही, पण पाठवायच्या आधी एक दुरुस्त करा. ४५ हजार ८९१ कोटी ही महसुली तूट आहे, तुम्ही राजकोषीय लिहिलंय. राजकोषीय, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, १ लाख ३६ हजार कोटींच्या वर आहे. असंच पाठवलंत तर मंत्रालयातला कारकूनसुद्धा हसेल आणि पुढचं कोणी वाचणार नाही.

सातबारा_नसलेला

अरे हो. केलं दुरुस्त, आभार. एवढं तपासून दिलंत तर आता सहीच करा की राव.

आकडेमोड

नाही. पण उत्तर आलं तर इथे टाका.