मदत हवी आहे: लंडनमध्ये आपल्या एमएसयूवाले कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याच्या दांडिया बाजारची, एमएसयू (आपली महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी) सायन्स फॅकल्टी, १९९६ ची बॅच. मुलीकडे लंडनला दोन महिने जातेय मेमध्ये, ती आणि जावई दिवसभर ऑफिसात, मग मी एकटी घरात बसून करणार काय, म्हणून वाटलं तिथे राहणारे आपल्या युनिव्हर्सिटीचे कोणी भेटले तर बरं होईल. जुन्या वर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर नुसते अंगठे आले, पत्ता कोणाचाच नाही 😀

लिंक्डइनवर युनिव्हर्सिटीचं नाव टाकून शहराप्रमाणे माणसं शोधता येतात असं मुलगी म्हणते, पण अनोळखी माणसाला एकदम मेसेज कसा करायचा, काय लिहायचं? कुणी केलंय का असं? आणि पहिल्यांदा कॅफेतच भेटावं ना, घरी नको?

एक दिवस केंब्रिजलाही जायचंय, वेंकी रामकृष्णन आपल्याच फिजिक्सचे, १९७१ ला बीएस्सी करून गेले आणि २००९ ला केमिस्ट्रीचं नोबेल! त्यांची लॅब बाहेरून तरी बघणारच, सोबत कोणी आपलं असलं तर मजा.

आणि हो, भेटीला काय न्यावं? पेढे न्यायचे होते पण दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, मग लीलो चिवडोच (आपला बडोद्याचा ओला, मऊ चिवडा) नेऊ ना? वास सुटत नाही असं पॅकिंग कुठे करून देतात तेही सांगा.