टोफू आतून अळणी राहतो आणि रस्सा पाणचट होतो, काय चुकतंय?

रानजाई

घट्ट टोफूचं ४०० ग्रॅमचं पाकीट आणून पनीर मसाल्याच्या पद्धतीने भाजी केली. पाकिटातलं पाणी ओतून दिलं आणि साधारण २ सेंमीचे तुकडे केले. अर्धी वाटी दही, तिखट, हळद, गरम मसाला, मीठ लावून २ तास फ्रिजमध्ये ठेवले. मग नॉनस्टिक तव्यावर २ मोठे चमचे तेलात परतले आणि कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत १० मिनिटं शिजवले.

परतताना तेल फार उडलं, मसाला तव्यालाच चिकटला, पाच-सहा तुकडे मोडले. दाट ग्रेव्ही सैल झाली. तुकडा चावला की वरून मसाला आणि आत पांढराफटक, अळणी. वर सोयाबीनचा कच्चट वास.

भाकरीबरोबर चालेल असा झणझणीत रस्सा, कांदा-लसूण नसलेला एखादा प्रकार आणि डब्यात नेण्याजोगं काहीतरी कोरडं, असं तीन प्रकारचं हवं आहे. शिवाय बाजारातल्या साध्या सोयाबीनपासून घरी टोफू जमतो का? प्रमाण सांगितलंत तर बरं होईल.

खलबत्ता

रानजाई, टोफूला पनीरच्या जागी बसवलंत, चूक तिथेच झाली. पनीरमध्ये साधारण २० ते २५ टक्के स्निग्धांश असतो. तो ग्रेव्हीत उतरतो, म्हणून मसाला थोडा कमी पडला तरी भाजी खपून जाते. घट्ट टोफूत स्निग्धांश त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि सुमारे तीन चतुर्थांश पाणी. हे पाणी आधी काढलं नाही तर ते तव्यावर तेल उडवतं, मसाला सुटा करतं आणि शेवटी ग्रेव्हीत जातं. दह्याने त्यात भरच घातली. दही-मसाला २ तास लावा की रात्रभर, तो वरच्या एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारसा जात नाही, कारण आत जागाच नाही, सगळं पाण्याने भरलेलं आहे.

पाणी बाहेर आणि मीठ आत, ही दोन्ही कामं एकदम करायची तर खारट उकळतं पाणी वापरा. १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे मीठ घालून उकळी आणा, गॅस बंद करा, टोफूचे तुकडे त्यात सोडा आणि १५ मिनिटं तसेच राहू द्या. पाणी काढायला पाण्यात घालायचं हे उफराटं वाटेल, पण गरम पाण्यात टोफूतली प्रथिनं आणखी आवळतात, कडेचं पाणी बाहेर पडतं आणि मीठ आत शिरतं. कच्चट वासही बराच निघतो. नंतर झाऱ्याने काढून कोरड्या पंचावर एकेरी थरात १० मिनिटं पसरा, वरून दुसऱ्या फडक्याने टिपून घ्या. इतकं केलं की वर पाटा-वरवंट्याचं वजन ठेवायची गरज उरत नाही. अख्खी वडी दाबायची असेल तर साधारण २ किलो वजन २० मिनिटं पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर वडीच्या कडा फुटतात.

परतायला बिडाचा किंवा लोखंडी तवा घ्या. तो चांगला तापला की २ मोठे चमचे तेल घाला, तुकडे अंतर ठेवून मांडा आणि मध्यम-मोठ्या आचेवर ४ मिनिटं हात लावू नका. खरपूस पापुद्रा धरला की तुकडा आपणहून सुटतो. त्याआधी उलथनं घातलंत म्हणून तुमचे तुकडे मोडले. मसाला परतण्याच्या आधी लावायचा नाही, तो जळतो. तुकडे उतरवले की गरम असतानाच लावा.

आता रस्सा. झणझणीत रश्श्यासाठी टोफू गोठवून वापरा, या कामाला त्याच्याइतकं दुसरं काही चांगलं नाही. पाकीट न उघडता २४ तास फ्रीझरमध्ये ठेवायचं. आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते सुटले की मागे भोकं राहतात. गोठलेला टोफू पिवळट दिसतो, घाबरू नका, सुटल्यावर परत पांढरा होतो. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या, मग दोन तळव्यांमध्ये धरून स्पंजसारखा हळूहळू पिळा. ४०० ग्रॅममधून सहज अर्धी वाटी पाणी निघतं. मधे बर्फ राहिला असेल तर पिळू नका, वडी दुभंगते. सुरी न लावता हातानेच लिंबाएवढे तुकडे तोडा. खडबडीत कडांना वाटण चांगलं धरतं.

वाटणाला २ मध्यम कांदे थेट आचेवर भाजून, अर्धी वाटी सुकं खोबरं, १ मोठा चमचा तीळ, १ लहान चमचा खसखस (तिन्ही वेगवेगळं भाजायचं, तीळ-खसखस खोबऱ्याच्या आधी करपते), ८ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर. ४ मोठे चमचे तेलात अर्धा चमचा हळद, २ लहान चमचे काळा मसाला, १ लहान चमचा तिखट घालून लगेच वाटण टाका, म्हणजे मसाला करपत नाही. मंद आचेवर ८ ते १० मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत परता. मग कढत पाणी ४ वाट्या. गार पाणी ओतलं तर तर्री वर येत नाही, हे मटकीच्या रश्श्याइतकंच इथेही खरं. दीड लहान चमचा मीठ, टोफू घालून मंद आचेवर १० मिनिटं आणि गॅस बंद करून झाकून २० मिनिटं. ही शेवटची २० मिनिटं वगळू नका. हा टोफू जवळजवळ वाटीभर रस्सा पितो, म्हणून रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवायचा. दाट केलात तर ताटात वाढेपर्यंत त्याचा लगदा होईल.

कोकणवारा

खलबत्तांच्या खारट पाण्याला पूर्ण अनुमोदन. चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगदू शहरातला प्रसिद्ध मापो टोफू करतानाही मऊ टोफू आधी मिठाच्या गरम पाण्यात ठेवतात, मगच आंबवलेल्या मिरची-बीन्सच्या रश्श्यात सोडतात. त्या पदार्थात जिभेला झिणझिण्या आणणारी जी सिचुआन मिरी पडते, ती आपल्या तिरफळाची जवळची नातेवाईक आहे. दोन्ही एकाच वनस्पतिकुळातल्या एकाच प्रजातीतली, झँथॉक्झायलम. म्हणून कांदा-लसूण नको असेल तर तिरफळाचं आंबट-तिखट करा. एरवी बांगड्याला जो मान, तो इथे टोफूला द्यायचा.

यात टोफू गोठवायचा नाही आणि तळायचाही नाही. खारट पाण्यातून काढलेले ४०० ग्रॅमचे जरा मोठे, ३ सेंमीचे चौकोन ठेवा. दीड वाटी ओलं खोबरं, कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवलेल्या ८ ते १० ब्याडगी मिरच्या, १ लहान चमचा धने, अर्धा चमचा हळद आणि सुपारीएवढी चिंच, हे गंधासारखं बारीक वाटा. भरड राहिलं तर टोफूवर बसत नाही, चोथा तोंडात येतो. चिंचेऐवजी ५-६ आमसुलं हवी असतील तर ती वाटू नका, शिजताना अख्खी घाला.

सुकी तिरफळं १० ते १२. प्रत्येक उघडून आतलं काळं बी काढून टाका, ते कडवट आणि दाताखाली कचकचणारं असतं. नुसती सालं पाव वाटी पाण्यात १० मिनिटं भिजवून हलकी ठेचा. मिक्सरमध्ये वाटणासोबत अजिबात घालू नका, सगळं कडू होतं. वाटणात २ वाट्या पाणी, १ लहान चमचा मीठ घालून मंद उकळी आणा, टोफू सोडा, ६-७ मिनिटांनी तिरफळं त्यांच्या पाण्यासकट. आणखी २ मिनिटं, मग बंद. वरून १ मोठा चमचा कच्चं खोबरेल तेल आणि झाकण. १५ मिनिटं उघडायचं नाही. फोडणी नाही, मोहरी नाही, कढीपत्ताही नाही. यातलं काहीही घातलं की तिरफळाचा वास दबतो. आच मोठी ठेवली तर खोबऱ्याचा रस फुटतो आणि टोफूला बारीक जाळी पडून तो चिवट होतो, तेव्हा शेवटपर्यंत मंदच.

ढवळताना पळी घालू नका, पातेलं दोन्ही कानांनी धरून गोल फिरवा.

पाटावरवंटा

गोठवण्याबद्दल एक वेगळं मत. रश्श्याला ते उत्तम, पण सरसकट सगळा टोफू फ्रीझरमध्ये टाकू नका. भुर्जीला गोठवलेला टोफू घेतला तर कापसासारखा कोरडा लागतो. भुर्जीला दाबायचीही गरज नाही: हाताने कुस्करून, कोरड्या तव्यावर पाव चमचा हळद आणि अर्धा चमचा मीठ घालून ६-७ मिनिटं परतत राहा, पाणी आटून दाणे सुटे झाले की बाजूला काढा. कांदा-मिरची-टोमॅटो वेगळं परतून मग एकत्र करायचं. सगळे एकदम घालतात म्हणून भुर्जी ओली गिचका होते. अंड्यासारखा वास आवडत असेल तर पाव चमचा काळं मीठ, पण गॅस बंद केल्यावर. तो वास गंधकाचा असतो आणि उष्णतेने उडून जातो.

घरी टोफू नक्की जमतो, आणि लातूर, अकोला, वाशीमकडे राहत असाल तर सोयाबीन दारात आहे. पण एक गोष्ट कळकळीने सांगते: पेरणीसाठीचं बियाणं उरलं म्हणून ते वापरू नका. बीजप्रक्रियेत त्याला बुरशीनाशक आणि रंग लावलेला असतो, आणि तो धुऊन जात नाही. खाण्यासाठी म्हणून विकलेलं, पिवळं, न फुटलेलं सोयाबीनच घ्या.

२५० ग्रॅम सोयाबीन उन्हाळ्यात ८ तास, थंडीत १२ तास भिजवा. दाणा फोडून पाहा: दोन्ही डाळिंब्या आतून सपाट झाल्या असतील तर भिजलं, मधे खळगा असेल तर अजून वेळ द्या. कच्चट वास तयार होतो तो वाटताना. दाणा गार पाण्यात फुटला की त्यातलं एक विकर तेलावर काम करतं आणि तो वास उठतो. कढत पाण्यात वाटलं तर ते विकर लगेच निकामी होतं. म्हणून भिजवलेले दाणे तीन वेळा थोडेथोडे करून कढत पाण्यात वाटा, सगळं मिळून २ लिटर पाणी. स्टीलचं भांडं घ्या, अर्ध्यावर भरू नका आणि झाकणावर फडकं धरा, नाहीतर वाफेने झाकण उडून हात भाजेल.

दूध मलमलीतून गाळून, पिळून मोठ्या पातेल्यात तापवा. सोयाबीनचं दूध उकळी येण्याआधीच फेसाने वर येतं, ती खरी उकळी नाही. फेस झाऱ्याने काढा, आच कमी करा आणि खरी उकळी आल्यावर तळ ढवळत पूर्ण १० मिनिटं उकळा. हे कमी केलं तर पचायला त्रास होतो, कारण कच्च्या सोयाबीनमधला प्रथिनांचं पचन अडवणारा घटक शिल्लक राहतो.

गॅस बंद करून ५ मिनिटं थांबा, दूध साधारण ८० अंशांवर येईल. ३ मोठे चमचे लिंबाचा रस १ वाटी कोमट पाण्यात मिसळून तीन हप्त्यांत घाला. पहिल्या हप्त्याला दोनदा ढवळा, दुसऱ्याला पृष्ठभागावरून सोडा, तिसऱ्यानंतर हात लावू नका, झाकून १५ मिनिटं. पनीरसारखं जोरात ढवळलं तर चुरा होतो, वडी धरत नाही. निवळ फिकट पिवळी आणि स्वच्छ दिसली पाहिजे, दुधट असेल तर आणखी थोडं लिंबूपाणी. निगारी, म्हणजे खाण्यायोग्य मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर लिंबाऐवजी २ लहान चमचे घ्या, आंबटपणा अजिबात येत नाही आणि वडी जास्त गोडसर लागते. फडकं घातलेल्या भोकाच्या डब्यात ओतून वर १ किलो वजन २० मिनिटं, घट्ट हवा असेल तर २ किलो. मग फडक्यासकट गार पाण्यात १ तास. साधारण ४०० ग्रॅम निघतो.

गाळलेला चोथा कच्चा आहे हे विसरू नका. थालीपिठाच्या भाजणीत एकास तीन प्रमाणात मिसळा आणि थालीपीठ झाकण ठेवून मंद आचेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ होऊ द्या.

रानजाई

तिघांचेही आभार. खारट पाण्याचा प्रयोग आजच केला. तुकडे आतपर्यंत अळणी नाहीत आणि तेल उडलं नाही. डब्याचं राहिलं. खरपूस केलेले तुकडे दुपारपर्यंत मऊ पडतात. आणि पाकीट उघडल्यावर अर्धा टोफू किती दिवस टिकतो?

खलबत्ता

डब्यात कुरकुरीत राहणार नाही, झाकणाखाली वाफ धरते. तेव्हा मऊ पडला तरी चांगला लागेल असंच करा. खारट पाण्यातून काढून टिपलेल्या ४०० ग्रॅम तुकड्यांना १ मोठा चमचा तांदळाचं पीठ आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लावून चाळणीत झटका, जास्तीचं पीठ राहिलं तर ते डब्यात चिकट होतं. तव्यावर ३ मोठे चमचे तेलात सगळीकडून खरपूस करून काढा. त्याच तेलात अर्धा चमचा जिरं, ५ ठेचलेल्या लसूण पाकळ्या गुलाबी करा आणि गॅस बंद करा. मग ३ मोठे चमचे सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, तुकडे, १ लहान चमचा लिंबाचा रस. चटणी आचेवर घातली तर कूट क्षणात करपतं आणि कडू होतं. पनीरमध्ये असणारी आणि टोफूत नसणारी स्निग्धता इथे शेंगदाण्यातून मिळते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

उरलेला टोफू गार पाण्यात बुडवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला. ३ ते ४ दिवस राहतो. बोटाला बुळबुळीत लागला किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या, धुऊन किंवा तळून तो परत चांगला होत नाही. चार दिवसांत संपणार नसेल तर दुसऱ्याच दिवशी पाण्यातून काढून, डब्यात घालून गोठवा, तो पुढच्या रश्श्याला होईल.

कोकणवारा

पाकीट घेताना त्यावर 'सिल्कन' लिहिलेलं नाही ना, तेवढं पाहा. तो दह्यासारखा मऊ असतो, तव्यावर टिकत नाही आणि पिळताही येत नाही. चुकून आणलाच तर १५० ग्रॅम मिक्सरमधून फिरवून काजूच्या पेस्टऐवजी ग्रेव्हीत घाला. दह्यासारखा फाटत नाही, फक्त मीठ पाव चमचा वाढवावं लागतं.