म्हैस पट्टराणी, मग रेडा कोण?

नाशिककर: संस्कृत शिकताना कळलं की 'महिषी' म्हणजे म्हैस आणि 'महिषी' म्हणजे पट्टराणीसुद्धा. शब्द एकच आहे की नुसता उच्चार जुळतोय? दुसरं, हिंदीत भैंस-भैंसा अशी सरळ जोडी आहे. आपल्याकडे मध्येच रेडा कुठून आला?

पोथीवाला: एकच शब्द. मुळात 'मह्' म्हणजे मोठं, थोर. ऋग्वेदात 'महिष' हे बलाढ्य अशा अर्थाचं विशेषणही आहे आणि सोमाच्या सूक्तात 'महिषो मृगाणाम्' असं जनावरही आहे. यज्ञात राजाच्या चार राण्या येतात: महिषी, वावाता, परिवृक्ती, पालागली. पहिला मान महिषीचा. प्राकृतात 'महिसी' झालं, पुढे म आणि ह एकमेकांत मिसळले आणि आपली म्हैस झाली. महिषासुराचं गाव म्हणून म्हैसूर, तेही त्यातलंच.
रेडा मात्र या कुळातला नाही. गोव्यातही म्हस आणि रेडोच.

गोठेवाला_कोल्हापूर: राणी म्हणाल तर पटतंय बघा. आमची पंढरपुरी आहे, शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली. दावणीला बांधताना दोघींत अंतर सोडावं लागतं. रेडकू तोंड लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही, आणि धार काढणारा माणूस बदलला की दूध चोरते. गंगावेशीत कट्ट्यावर लोक ग्लास घेऊन उभे राहतात ते हिच्याच धारोष्ण दुधासाठी. डेअरीत फॅट सहाच्या वर लागली की आमचीही मान वर.
मान सगळा तिचा, शिव्या सगळ्या नराच्या वाट्याला. टोणगा म्हणजे रेडाच, पण मी तो शब्द गोठ्यात कमी आणि पोरगं दहावीला नापास झाल्यावर जास्त ऐकलाय. म्हैस व्याली की शेजारी पहिलं विचारतात, "काय झालं?" रेडी म्हटलं की पेढे. रेडा म्हटलं की "असू दे" म्हणून विषय बदलतात. बैलाला पोळा तरी आहे. याला यमाचं वाहन करून ठेवलंय. एकट्या ज्ञानोबांनी काय तो पैठणात त्याच्या तोंडून वेद वदवला, त्याची समाधी जुन्नरजवळ आळ्याला आहे.

वऱ्हाडी_पाटील: आमच्याकडे रेडा कोण म्हणते भाऊ, हेला म्हणतेत. लहान मादी असली तर वगार. मराठवाड्यात गेलं की हल्या होते. "रोग हल्याला, इंजेक्शन पखालीला" ही म्हण ऐकली असंल. पखाल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. नळ नव्हते तवा ती हल्याच्याच पाठीवर असे.

नाशिककर: पखाल आज कळली! म्हण कायम वापरत होतो, मला ते एखाद्या बाईचं नाव वाटायचं.

गोठेवाला_कोल्हापूर: 😂 बरं, धारेची वेळ झाली.