फरशीचं लिक्विड कॅनमध्ये स्वच्छ, बादलीत दुधाळ

स्वाती (धायरी):
आमचा बचत गट फरशीचं लिक्विड बनवतो. एसएलईएस पेस्ट, कॉस्टिकने न्यूट्रल केलेली थोडी ॲसिड स्लरी (दोन्ही मळ काढणारे डिटर्जंट) आणि जंतुनाशक म्हणून ५० टक्क्यांचं बीकेसी (बेंझाल्कोनियम क्लोराइड), सगळं बोहरी आळीतून. कॅनमध्ये आरपार दिसतं. बादलीत झाकणभर टाकलं की पाणी पांढरं होतं आणि थोड्या वेळाने तळाशी साका बसतो. इथे बोअरचं पाणी, म्हणून सगळे क्षारांना दोष देतात. तेच कारण असेल का?

नीलेश (वाघोली):
ईडीटीए टाका, ते पाण्यातले क्षार बांधून ठेवतं. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात स्लरीचा माल असाच फाटायचा, ईडीटीएने थांबला.

देशपांडे काका (भोसरीत फॉर्म्युलेशनला होतो):
स्वातीताई, आधी तेच झाकण आरओच्या पाण्यात टाकून बघा. तिथेही दुधाळ झालं तर क्षारांचा संबंध नाही, ईडीटीएवर पैसे घालू नका.

एसएलईएस आणि स्लरीवर ऋणभार, बीकेसीवर धनभार. दोघं भेटले की भार मिटतो आणि ती जोडी पाण्यात विरघळत नाही. कॅनमध्ये एसएलईएस एवढं जास्त आहे की बीकेसी त्याच्या मायसेलमध्ये, म्हणजे रेणूंच्या बारीक पुंजक्यांमध्ये, सामावून जातं, सुटं फार थोडं उरतं. म्हणून माल स्वच्छ दिसतो. बादलीत शेकडो पट पाणी मिळालं की मायसेल मोडू लागतात, आतलं बीकेसी सुटं होतं आणि साका पडतो. पातळ केल्यावर साका पडणं उलटं वाटतं खरं, पण मेख तिथेच आहे.

मला काळजी वेगळी वाटते. बीकेसी असं अडकलं की जंतू मारायला उरत नाही. लेबलवर ‘जंतुनाशक’ लिहून हा माल कृपा करून विकू नका, दवाखान्यात तर नकोच.

एसएलईएस आणि स्लरी दोन्ही काढा. बीकेसीबरोबर नॉनआयॉनिक डिटर्जंट वापरा, लॉरिल अल्कोहोल इथॉक्सिलेट, ७ किंवा ९ मोलवालं. त्याला भारच नाही. फेस कमी येईल, तेवढं गिऱ्हाइकांना समजावून सांगा.

स्वाती (धायरी):
काका, आरओच्या पाण्यातही पांढरंच झालं! लेबलं आजच थांबवते. फेसासाठी कॅपबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन, शाम्पूत असतं ते) चालेल?

देशपांडे काका:
चालेल, बेताने. त्याच्यावर दोन्ही भार असतात, बीकेसीशी सहसा भांडत नाही. आधी अर्धा लिटरच करा, बादलीच्या मापाने तुमच्या बोअरच्याच पाण्यात पातळ करा आणि सकाळपर्यंत काचेच्या ग्लासात ठेवून तळ बघा.