तुळशीवरच्या बारक्या काळ्या-पिवळ्या गांधीलमाश्या : एक जात की दोन?

गच्चीवरचा_गडी
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आमच्या गच्चीवर तुळशीच्या आठ-दहा कुंड्या आहेत आणि पाऊस उघडल्यापासून सकाळी नऊच्या सुमारास मंजिऱ्यांवर बारक्या गांधीलमाश्या यायला लागल्यात, जेमतेम सेंटीमीटरभर, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. मोबाईलला मॅक्रो लेन्सची क्लिप लावून चाळीसेक फोटो काढले त्यातले सात-आठच धड आलेत. एकीचं तोंड पुढून पूर्ण पिवळं आणि अँटेनाचं टोक गोल जाडसर गाठीसारखं दिसतंय, दुसरीचं तोंड जवळजवळ काळं आणि अँटेना साधी. बाकी पट्टे सेम टू सेम. एका ॲपमध्ये टाकलं तर ते म्हणतंय पराग गोळा करणारी गांधील, म्हणजे अळ्यांना मांस न देता मधमाशीसारखा पराग चारणारी. लई भारी वाटलं, पण मग या तिच्या दोन जवळच्या जाती म्हणायच्या का? ओळखायचं कसं?

निपाणीकर_मामा
ॲपचं काय ऐकतोस भावा, आमच्या बोक्याला ते उदमांजर म्हणालं होतं. 😄 पण फोटो झकास आलेत. पिवळ्या तोंडाची जरा चिडकी वाटते.

पिनवाली
गडी, जाती वेगळ्या करायच्या आधी ती पराग गोळा करणारी आहे का तेच बघ, कारण मला नाही वाटत. त्या गटाच्या जगात 300 च्या वर जाती आहेत पण बहुतेक सगळ्या कोरड्या मुलखातल्या, दक्षिण आफ्रिका, भूमध्य समुद्राच्या आसपास, अमेरिकेचा पश्चिम भाग वगैरे. आपल्याकडे चार महिने छत्री खाली ठेवायची सोय नाही. तुझी मला कुंभारीण वाटते, म्हणजे मातीने घरटं लिंपून आत पिलांसाठी लुळ्या केलेल्या अळ्या भरणारी गांधील, त्यातली बारकी. तीसुद्धा फुलावर येतेच की, स्वतःला मध प्यायला, त्यामुळे फुलावर दिसली म्हणून पराग नेते असं होत नाही.

अँटेनाच्या टोकाचा फोटो परत काढ, बाजूने. पराग गोळा करणाऱ्यांमध्ये टोक खरोखर मुदगलासारखं फुगलेलं असतं. कुंभारणीच्या नरात बऱ्याचदा शेवटचा भाग आकड्यासारखा आत वळलेला असतो आणि फोकस हलला की तो आकडा गाठीसारखाच दिसतो, मी स्वतः फसलेय. आणि पंख. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेखाली शिरांचे बारके बंद कप्पे ओळीने असतात, ते कुंभारणीत तीन आणि पराग गोळा करणाऱ्यांत दोन. पण बसल्यावर ती पंख उभा दुमडून घेते, तेव्हा मेलेली एखादी मिळाली तरच जमेल.

गच्चीवरचा_गडी
मिळाली ओ ताई! ट्यूबलाईटमागच्या कोळ्याच्या जाळ्यात एक अडकलेली होती, काळ्या तोंडाची. ओल्या कागदावर ठेवून टाचणीने पंख उलगडला, दोनदा फाटला, तिसऱ्यांदा मोजलं. तीनच कप्पे. आणि जबडे बघून तर उडालोच, लांब, पातळ, एकमेकांवर चाकूसारखे आलेले.

अजून एक. गच्चीच्या दाराच्या चौकटीत जुन्या कडीचं एक भोक आहे, ते कुणीतरी मातीने लिंपलंय. मला वाटलं बाबांनी. सुईने वरचं टोकरलं तर आत चार हिरव्या बारक्या अळ्या, दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या, मेल्यासारख्या पण सुई लागली की एक जरा वळवळायची. आणि वरून एक पांढरट अंडं, केसाएवढ्या धाग्याने लोंबकळत होतं. म्हणजे पराग नव्हेच ना?

पिनवाली
झालं, केस क्लोज. 😀 लोंबतं अंडं आणि डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या म्हणजे कुंभारीणच, ती अंडं आधी टांगते आणि मग अळ्या भरते. पराग गोळा करणारी असती तर आत पराग-मधाचा ओलसर गोळा मिळाला असता.

परागकण
उशिरा येतोय, पण विषय माझ्या आवडीचा निघाला. गड्याचा मूळ प्रश्न जवळच्या जातींचा होता म्हणून सांगतो. क्वार्टिनिया नावाचा वंश आहे, पराग गोळा करणाऱ्यांतल्याच बारक्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान. दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या किनाऱ्यावर त्यातल्या काही तर वाळू भरलेल्या रिकाम्या गोगलगायीच्या शंखात घर करतात आणि वाळूचे कण तोंडातल्या रेशमाने चिकटवतात. तिथे रंगावर भरवसा ठेवला की मेलात, एकाच जातीत पिवळं-पांढरं कमीजास्त होतं. तिथले तज्ज्ञ आधी पंखाच्या शिरा पूर्ण आहेत की अर्धवट ते बघतात, पूर्वी तर अर्धवट शिरावाल्यांचा वंशच वेगळा मानायचे, नंतर एकत्र केला. मग तोंडावरच्या ढालीची कड, पंखाच्या मुळाशी असलेल्या खपलीचा आकार, अंगावरचे खड्डे किती दाट, आणि शेवटी नराचे जननेंद्रिय काढून मायक्रोस्कोपखाली. मोबाईलच्या फोटोवरून हे काम होत नाही, मग क्लिप किती का भारी असेना.

युरोपातली सेलोनाइट्स ॲब्रेव्हिएटस, तीही पराग गोळा करणारीच, तुळशीच्याच कुळातल्या फुलांवर जाते आणि कपाळावरच्या गाठीदार केसांनी वरच्या पाकळीखालचा पराग घासून घेते. तुळशीवर ती कपाळ घासून उपाशीच राहील, कारण तुळशीचे पुंकेसर खालच्या पाकळीवर टेकलेले असतात. असो.

गडी, तुझी दोन तोंडं म्हणजे नर-मादी असणार असा माझा अंदाज, कुंभारणीत नराचं तोंड बऱ्याचदा जास्त पिवळं असतं. अँटेनाचे भाग मोज, नराला 13, मादीला 12.

गच्चीवरचा_गडी
पिवळ्या तोंडाचीचे मोजले, झूम करून करून डोळे गेले, 13. आणि टोक आकडाच निघाला, बाजूचा फोटो टाकलाय. गाठ वगैरे काही नाही. पण ओ, मग तो नर मला टोचला कसा? डबीत धरताना बोटाला कचकन लागलं, नराला नांगी नसते म्हणतात ना?

परागकण
नांगी नसतेच. पण 2022 मध्ये जपानच्या कोबे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय की तिथल्या एका कुंभारणीचा नर जननेंद्रियाच्या दोन काट्यांनी टोचतो, बेडकाने तोंडात घेतला तर काही बेडूक थुंकून टाकतात. तुझ्याकडचा तीच जात नव्हे, पण तसलंच काहीतरी असणार.

निपाणीकर_मामा
बाबो. त्या बेडकाचं वाईट वाटलं.

पिनवाली
नर आणि मादी पटलं, पण एकाच जातीचे नर-मादी हे अजून सिद्ध नाही हां. फुलावर दोन जातींची गल्लत होऊ शकते. तू ते भोक उघडलंच आहेस तर एक कर, अंडं आणि अळ्या अलगद एका काचेच्या बारक्या नळीत घे, तोंडाला कापूस, सावलीत ठेव, मुंग्यांपासून जप. आतल्या बाजूला मातीची भिंत घालून अजून कप्पे असतील, तेही वेगवेगळ्या नळ्यांत. अशा भोकातल्या घरट्यात बऱ्याचदा आतल्या कप्प्यांत मादी आणि दाराजवळच्यांत नर निघतात. एकाच घरट्यातून पिवळ्या आणि काळ्या तोंडाच्या दोन्ही बाहेर आल्या तर मग वाद नाही.

गच्चीवरचा_गडी
आत अजून दोन भिंती निघाल्या. तीन नळ्या केल्यात, देव्हाऱ्यामागच्या फळीवर ठेवल्यात. आई म्हणते एकाही माशीने मला चावलं तर नळ्यांसकट तुला गच्चीवर झोपवते. बाहेर आल्या की फोटो टाकतो.