सातवीच्या विज्ञानाचे वार्षिक नियोजन: पुस्तकाच्या क्रमाने की पावसाच्या?

खाचरकाठची शाळा (प्रश्न)

नमस्कार. भोर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका लहान उच्च प्राथमिक शाळेत मी सातवीला सामान्य विज्ञान आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकवते. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होईल आणि पहिल्याच आठवड्यात वार्षिक नियोजन मुख्याध्यापकांच्या सहीसाठी द्यावे लागेल. गेली दोन वर्षे मी पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून विज्ञानाचे वीस पाठ उपलब्ध तासिकांमध्ये वाटून टाकले. कागदावर ते नियोजन नीटनेटके दिसले, पण सजीवांचे आणि जमीन, पाणी, हवेचे पाठ नेमके अशा वेळी आले की दाखवायला समोर काहीच नव्हते.

भूगोलातला मृदेचा पाठ जानेवारीत आला, तेव्हा खाचरे कोरडी पडून कडक झाली होती. जुलैमध्ये हीच मुले भातलावणीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत उभी होती. पेशी आणि सूक्ष्मजीवांच्या पाठासाठी डिसेंबरमध्ये मी पावाचे तुकडे ठेवले, तर आठ दिवसांत ते खारीसारखे कडक झाले आणि बुरशीचा ठिपकाही दिसला नाही. स्थितिक विद्युतचा पाठ मात्र सप्टेंबरच्या दमट हवेत आला. फुगा केसांवर घासून घासून हात दुखले, पण कागदाचे कपटे जागचे हलले नाहीत आणि मागच्या बाकावरून "मॅडम, पुस्तकातला फुगा वेगळा असेल" असे उत्तर आले.

यंदा हे पाठ ऋतूप्रमाणे मागेपुढे करावेत असे वाटते. मात्र घटक चाचणीचा अभ्यासक्रम आमच्या केंद्रात सर्व शाळांना एकच असतो. अशा परिस्थितीत वर्षाची आखणी कशी करावी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना बाहेर नेणे शक्य नसते तेव्हा काय करावे, याबाबत अनुभवी शिक्षकांनी मार्गदर्शन करावे.

सेवानिवृत्त शिक्षक, सातारा

ताई, आपण मांडलेली अडचण खरी आहे. मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यातील पहिली दहा वर्षे आपण केलीत तीच चूक करण्यात घालवली. पुढे मी वर्षाचे नियोजन करताना अनुक्रमणिका नंतर उघडू लागलो. आधी एका कोऱ्या कागदावर गावात कोणत्या महिन्यात काय दिसते ते लिहून काढायचो. हा कागद मुलांकडूनच भरून घ्यावा, कारण पहिली खेकडी कधी निघतात आणि ओढ्याचे पाणी कधी निवळते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

जून ते सप्टेंबर हा काळ सजीवांचा. शाळेच्या कुंपणाच्या आत शेवाळ, नेचे, भूछत्रे, गोगलगायी आणि पैसाकिडे असतात, त्यामुळे दूर जाण्याची गरजच पडत नाही. पाऊस उघडला की पंधरा मिनिटे भिंतीच्या कडेने एक फेरी पुरते. बेडकाची अंडी आणि बेडूकमासे बरणीत भरून वर्गात आणण्याचा मोह मात्र टाळावा. डबक्यावर एक दगड खूण म्हणून ठेवावा आणि दर तीन दिवसांनी त्याच जागी जाऊन, मागचे पाय कधी फुटले आणि शेपटी कधी आखडली याची तारीख वहीत लिहावी. पावावरची बुरशी याच दिवसांत घ्यावी. थोडे पाणी शिंपडून तुकडा झाकून ठेवला की सहसा चार-पाच दिवसांत ती येते. झाकण न उघडता पारदर्शक डब्यातूनच पाहावी.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा आपला फुगा निमूटपणे काम करील. बाष्पोत्सर्जनासाठी फांदीला पिशवी बांधायची तीसुद्धा ऑक्टोबरच्या उन्हात, कारण पावसाळ्यात पिशवीच्या आतले पाणी पानातून आले की बाहेरच्या ओलाव्यामुळे साचले, हे मुलांना पटवता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ आणि पळस, पांगारा, काटेसावर यांचा फुलोरा असतो; फुलाची रचना शिकवायला काटेसावरीएवढे मोठे, सोपे आणि फुकट फूल दुसरे नाही. खडकाचे काम उन्हाळ्याच्या तोंडावर घ्यावे. गवत वाळून गेले की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर डोंगराच्या अंगावर कडा, मग टप्पा, मग पुन्हा कडा असे उघडे पडतात. भूगोलातील समोच्चतादर्शक नकाशाचा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांनी डोंगर दाखवणाऱ्या नकाशाचा, पाठ वर्षाच्या शेवटी आहे. तेवढा एक पाठ पुस्तकाने अगदी योग्य जागी ठेवला आहे, असे मी म्हणेन.

एका पाठाबाबत मात्र तडजोड करू नये. आपत्ती व्यवस्थापन पुस्तकात दहावा आहे, म्हणजे तो सहज दिवाळीच्या पलीकडे जातो. माळीणवर दरड कोसळली ती ३० जुलै २०१४ रोजी, ऐन पावसात. आपली शाळा डोंगराच्या पायथ्याशी असेल, तर उतारावर नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे या खुणा मुलांना जूनमध्येच माहीत व्हायला हव्यात. भूकंपाचा भाग डिसेंबरमध्ये घेतला तरी चालेल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसे आमच्या बाजूला अजून आहेत आणि ती वर्गात येऊन बोलतातही.

टाचणवही

गुरुजींच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. पाठांची मोठी उलथापालथ करू नये. मी एका वर्षी तसे केले आणि पहिल्या घटक चाचणीत माझ्या वर्गाला न शिकवलेल्या पाठावर प्रश्न आले. शिवाय मध्येच बदलून आलेल्या मुलाचे आणि आपण रजेवर असताना तासिका घेणाऱ्या शिक्षकाचे हाल होतात ते वेगळेच.

माझ्या मते पाठ हलवण्याची गरजच नाही, निरीक्षण हलवावे. नोंद आधी आणि पाठ नंतर, मग मध्ये चार महिने गेले तरी चालतील. जुलैमध्ये बुरशीचे चित्र तारखेसह वहीत काढून घ्या आणि डिसेंबरमध्ये पाठ आला की तीच वही उघडा. मुलाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली नोंद असेल, तर समोर पाव नसला तरी पाठ कोरडा जात नाही. त्यामुळे माझ्या नियोजनाच्या तक्त्यात महिन्यापुढे दोन रकाने असतात, एकात "शिकवायचा पाठ" आणि दुसऱ्यात "करून ठेवायची नोंद". पहिला रकाना पुस्तकाच्या क्रमाने चालतो, त्यामुळे तपासणीला येणाऱ्यांचे समाधान होते. दुसरा पावसाच्या क्रमाने चालतो. नोंदीसाठी स्वतंत्र तासिका मिळणार नाही हे गृहीत धरावे. परिपाठानंतरची दहा मिनिटे त्यासाठी पुरतात.

पर्जन्यमापक हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. दोन लिटरची शीतपेयाची बाटली वरून कापून तोंडाचा भाग उलटा खोचला की नरसाळे तयार होते. चूक बहुधा तळाशी होते: बाटलीचा तळ खाचांचा असतो, त्यामुळे तेथून मोजपट्टी लावली तर पहिले काही सेंटिमीटर खोटे येतात. तळात बारीक खडे टाकून, बाटलीच्या भिंती सरळ होतात तेथपर्यंत पाणी भरावे आणि त्या रेषेला शून्य धरावे. बाटली रिकामी केली की पुन्हा त्याच रेषेपर्यंत भरावे. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, म्हणून आपणही तीच वेळ पाळावी. हे काम शाळेशेजारी राहणाऱ्या मुलीकडे द्यावे, म्हणजे रविवार बुडत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा समजले की शाळेच्या पत्र्यावर काल किती पाणी पडले याचे गणित मुले आपण होऊन करतात. नैसर्गिक साधनसंपत्तीचा सोळावा पाठ येईपर्यंत आपल्या हाती चार महिन्यांचे आकडे असतील.

आपत्तीच्या पाठाबाबत मात्र गुरुजींशी पूर्ण सहमत. तो जूनमध्येच घ्यावा, चाचणीत असो वा नसो.

बालाघाटची शाळा

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. येथे पावसावर नियोजन बांधायचे म्हणजे काही वर्षी नियोजनच कोरडे जाते, हा आमचा वेगळा प्रश्न आहे. त्याहून मोठी अडचण अशी की दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्गातील बरीच मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. काही हंगामी वसतिगृहात थांबतात, बाकीची परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. त्यामुळे जे निरीक्षण सप्टेंबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते, त्याचा उत्तरार्ध या मुलांच्या वाट्याला येत नाही. टाचणवही यांच्या पद्धतीत ही त्रुटी आहे असे मी आधी मानत होतो. एका प्रयोगामुळे माझे मत बदलले.

भूगोलात ऋतुनिर्मितीचे दोन भाग आहेत आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम बरेच पाठ ठेवलेले आहेत, ते निरीक्षणाला अवधी मिळावा म्हणून. आम्ही जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच राहील अशी काठी ओळंबा लावून उभी करतो आणि दुपारी बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवतो. सर्वांत लहान सावली घड्याळातल्या बाराला पडत नाही, हा मुलांना बसणारा पहिला धक्का असतो. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून आमच्याकडे डिसेंबरमध्ये सूर्य माथ्याशी यायला बारा पंचवीस होतात.

गेल्या वर्षी कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर जाणाऱ्या दोन भावांना मी मीटरभर सुतळी दिली आणि २२ डिसेंबरला तेवढ्याच उंचीची काठी कोपीसमोर (तोडणी मजुरांच्या झोपडीसमोर) रोवून मोजायला सांगितले. इकडे वर्गाने मोजली ती सावली ९१ सेंटिमीटर भरली. संध्याकाळी त्यांच्या वडिलांच्या फोनवरून आकडा आला ८४. वर्गाने प्रथम "त्यांचे चुकले" असे एकमुखाने ठरवले. मग नकाशा काढला, कोल्हापूर आपल्यापेक्षा सव्वादोन अंश दक्षिणेला आहे हे पाहिले, आणि सूर्य त्या दिवशी मकरवृत्तावर असतो हे कळल्यावर सात सेंटिमीटरचा हिशेब लागला. अक्षांशावर मी इतकी वर्षे जे बोलत होतो, ते त्या एका फोनने झाले, आणि ती दोन मुले मार्चमध्ये परतली तेव्हा त्यांचा आकडा फळ्याशेजारच्या तक्त्यावर होता.

ताई, आपल्या भोरच्या अक्षांशावर २३ सप्टेंबरच्या सुमारास सावली सुमारे ३३ सेंटिमीटर आणि २२ डिसेंबरला ८९ सेंटिमीटर भरावी. २१ जूनला ऊन पडलेच, तर अवश्य पाहा: सावली जेमतेम नऊ सेंटिमीटर असेल आणि ती उत्तरेला न पडता दक्षिणेला पडेल. शून्य सावलीचे आपल्याकडचे दोन दिवस मात्र शाळेच्या कामाचे नाहीत. मेमधला सुट्टीत जातो आणि जुलैअखेरचा ढगांत.

खाचरकाठची शाळा

सर्वांचे मनापासून आभार. दोन रकान्यांचा तक्ता करायला घेतला आहे आणि मुख्याध्यापकांनाही तो दाखवला. "सही पहिल्या रकान्यावर करतो, दुसरा तुमचा तुम्ही बघा," असे ते म्हणाले, म्हणजे परवानगी मिळाली असेच मी धरते. आपत्तीचा पाठ जूनच्या शेवटच्या आठवड्यात घेणार आहे. मृदेसाठी लावणीच्या वेळी खाचरातली आणि वरच्या माळावरची मुरमाड माती अशा दोन बाटल्या भरून, पाण्यात हलवून, थर बसल्यावर चित्र काढून घ्यायचे आणि बाटल्या जानेवारीपर्यंत कपाटात जपायच्या, असे ठरवले आहे.

एकच शंका राहते. "तारकांच्या दुनियेत" हा शेवटचा पाठ एप्रिलमध्ये येतो. त्याची नोंद केव्हा करावी? मुलांना रात्री शाळेत बोलावणे पालकांना पटणार नाही.

सेवानिवृत्त शिक्षक, सातारा

शाळेत बोलावूच नका. महाशिवरात्र अमावास्येच्या आदल्या दिवशी येते, त्यामुळे रात्री चंद्राचा अडथळा नसतो, आणि गावातली निम्मी माणसे तशीही देवळात जागी असतात. साधारण आठच्या सुमारास मृग नक्षत्र उंच आलेले असते. आधी त्याच्या पोटातले तीन तारे, म्हणजे बाण, दाखवावा आणि त्या रेषेत खाली येऊन व्याध शोधायला लावावा. महाशिवरात्र मार्चमध्ये आली तर मृग पश्चिमेकडे थोडा कललेला मिळेल, एवढाच फरक. देवळाच्या गुरवांना आदल्या दिवशी सांगून मागच्या बाजूचा दिवा अर्धा तास बंद ठेवायला लावा. आमच्या गावी ते दरवर्षी ऐकत, पण आठवण मात्र दरवर्षी करून द्यावी लागे.